तपशिलाचा रकाना

बँकेत अडतीस वर्षे पासबुके भरून निवृत्त झालेल्या माणसाने नव्या जमान्याच्या पैशाबद्दल बोलू नये, असे आमच्या भाच्याचे मत आहे. मत त्याचे आहे, पैसे माझे होते. म्हणून मी बोलणार.

आधी माझी पात्रता सांगतो. १९७४ साली मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेत चिकटलो. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क अण्णांनी माझ्यापुढे पासबुकांचा ढीग टाकला आणि विचारले, "अक्षर कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं असून चालणार नाही. दुसऱ्याला वाचता येईल असं पाहिजे."

पासबुकाला रकाने पाच. तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक. अण्णांचा सगळा जीव दुसऱ्या रकान्यात. एकदा घाईघाईत मी तिथे नुसतेच 'चेक' असे लिहिले. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "कुणाचा चेक? कितव्या नंबरचा? वटला का परत आला? का हे खातेदारानं स्वप्नात बघायचं?" आकडा बँकेसाठी असतो आणि तपशील माणसासाठी असतो, हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्यांच्या हाताखाली माझ्या पहिल्या पगारवाढीपेक्षा आधी माझा तपशील सुधारला.

आमच्या काउंटरवर दर शनिवारी मंडईतली एक भाजीवाली आजी यायची. लिहिता-वाचता येत नव्हते. अंगठा उमटवला, की पासबुक पुन्हा माझ्याकडे सरकवायची. "म्या अंगठा दिला न्हवं? आता तू काय लिवलंस ते वाच." मी वाचायचो, "तारीख सतरा, रोख जमा, रुपये पन्नास, शिल्लक चारशे दहा." शिल्लक तिला माझ्याआधी पाठ असायची. तरी ती वाचून घेतल्याशिवाय हलायची नाही. मागची रांग कुरकुरली तर वळून म्हणायची, "अंगठा माजा हाय, तर वाचनं त्याचं हाय. तुमाला काय घाई?"

ही आजी पुढे माझ्या कामाला येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

२०२३ च्या दिवाळीत भाचा बंगळूरहून आला. चकली मोडता मोडता त्याने माझे सगळे आयुष्य मोडीत काढले. "मामा, बँक म्हणजे काय? मधला माणूस! आता मधला माणूसच नाही. सगळं विकेंद्रित." अडतीस वर्षे मधला माणूस म्हणून काढलेल्या गृहस्थाने यावर काय बोलावे? मी त्याला आणखी एक चकली वाढली.

त्याने समजावले ते असे. इथेरियम नावाचे एक जाळे २०१५ च्या जुलैत सुरू झाले. हजारो संगणक मिळून एकच खतावणी ठेवतात. दर बारा सेकंदांनी तिला नवे पान जोडले जाते. लिहिलेले खोडता येत नाही. कर्ज द्या, ठेव ठेवा, नाणी बदला, ही सगळी कामे त्या खतावणीवर बसवलेले करारनामे आपोआप करतात. मॅनेजर नाही, शिपाई नाही, 'जेवणाची सुट्टी' ही पाटी नाही. आणि ही खतावणी जगातल्या कुणालाही उघडून बघता येते.

हे शेवटचे वाक्य ऐकून माझ्यातला जुना कारकून विरघळला. आमच्या काळी खतावणीला साहेबांखेरीज कुणी हात लावायचा नाही. मी चाळीस हजार रुपयांची डॉलरच्या भावाने चालणारी नाणी घेतली आणि भाच्याने मोबाइलवर घालून दिलेल्या एका ॲपमधून ठेवीत टाकली. म्हणजे टाकायला गेलो.

इथे पहिली ठेच. त्या जाळ्यात प्रत्येक व्यवहाराला फी लागते. तिला ते लोक 'गॅस' म्हणतात. आपल्याकडे गॅस संपला की नंबर लावावा लागतो. तिथे गॅस भरला की नंबर लागतो. ॲपने विचारले, फी जास्त, मध्यम की कमी? पुण्यात जन्मलेल्या माणसाला हा काय विचारायचा प्रश्न आहे? मी 'कमी' दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली, 'पेंडिंग'. शेजारी एक चक्र फिरू लागले.

तासभर चक्र फिरले. मी चहा घेतला. आणखी तासभर फिरले. मी जेवलो. दुपारची झोप काढून पाहिले तरी ते फिरतेच. मग वैतागून पुन्हा एकदा बटण दाबले, या वेळी फी 'जास्त'. आता दोन चक्रे फिरू लागली! रात्री भाच्याने फोनवर उलगडा केला. माझ्या प्रत्येक व्यवहाराला अनुक्रमांक असतो, आणि आधीचा नंबर पुढे गेल्याशिवाय मागचा सरकत नाही. म्हणजे रेशनच्या रांगेत माझ्यापुढे मीच उभा होतो आणि मीच मला पुढे जाऊ देत नव्हतो. यावर उपाय आहे. त्याच अनुक्रमांकाचा व्यवहार वाढीव फीने पुन्हा पाठवला, की जुना बाद होतो. छान! पण हे मला कुणी सांगायचे? 'तुमची फी सध्याच्या दरापेक्षा कमी आहे, म्हणून थांबलाय. वाढवायची असेल तर इथे दाबा' हे वाक्य लिहायला चक्राएवढीच जागा लागली असती.

'पेंडिंग' हा शब्द सरकारी कचेरीत आम्ही जन्मभर ऐकला. पण तिथला कारकूनसुद्धा साहेब रजेवर आहेत, फाइल वरच्या मजल्यावर आहे, असे काहीतरी खोटे का होईना, पण कारण देतो. यंत्राला तेवढीही माणुसकी नाही. खरे पाहता व्यवहाराच्या पायऱ्या अगदी स्पष्ट आहेत. सही झाली. जाळ्यात पोचला. रांगेत आहे. पानावर चढला. यशस्वी झाला किंवा फसला. आणि साधारण तेरा मिनिटांनी असा पक्का झाला की आता ब्रह्मदेवही फिरवू शकत नाही. सहा पायऱ्या! यांनी त्या सहांना मिळून एकच चक्र दिले. आणि व्यवहार फसला तरी फी जातेच, हे मला फी गेल्यावर कळले.

अखेर ठेव जमा झाली. मी उत्साहाने व्यवहारांचा इतिहास उघडला. पहिली नोंद, 'कॉन्ट्रॅक्ट इंटरॅक्शन'. दुसरी, 'कॉन्ट्रॅक्ट इंटरॅक्शन'. तिसरीही तीच. म्हणजे करारनाम्याशी संबंध आला. अहो, कुणाचा कुणाशी आला? कशासाठी आला? चारचौघांत सांगण्यासारखा होता का? पुढे शून्य-एक्सपासून सुरू होणारे सहासष्ट अक्षरांचे शेपूट. अण्णा असते तर त्यांनी मोबाइलसकट मला काउंटरबाहेर काढले असते.

गंमत पाहा. ज्या बटणावर मी बोट ठेवले त्यावर 'डिपॉझिट' असे लख्ख लिहिले होते. म्हणजे मी ठेव ठेवतोय हे ॲपला बोट ठेवेपर्यंत नक्की माहीत होते. बोट उचलताच ते विसरले! पैसे घेताना ओळख आणि पावती देताना अनोळखी, याला आमच्या बँकेत तंत्रज्ञान म्हणत नसत. वेगळा शब्द होता.

त्या तीन संबंधांतला एक तर मुखत्यारपत्र निघाला. ठेव घेण्याआधी करारनामा माझ्याकडून 'माझी ही नाणी उचलायला तुला परवानगी आहे' अशी सही घेतो. बरेचदा ती परवानगी बेहिशेबी रकमेची असते आणि आपण रद्द करेपर्यंत चालू राहते. नोंदीत मात्र रक्कम शून्य. कोरा चेक फाडून दिला आणि पासबुकात लिहिले, काही नाही! कुणाकुणाला उचलीची परवानगी देऊन ठेवली आहे, ही यादी इतिहासाच्या पहिल्या पानावर हवी. ती शोधायला मला भाचा लागला.

पुढे फी परवडेना म्हणून भाच्याने पैसे एका स्वस्त जोडजाळ्यावर हलवून दिले. जुन्या जाळ्याच्या पानावर पैसे गेले. नव्या जाळ्याच्या पानावर पैसे आले. दोन्ही पानांची एकमेकांशी ओळख नाही. आमच्याकडे दोन शाखांच्या हिशेबात असे झाले, की ताळमेळ लागेपर्यंत कुणी घरी जात नसे.

आणि मग आला २०२५ चा फेब्रुवारी. हिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. मी ऐटीत म्हणालो, "ते चाळीस हजार काढतो." जोडजाळ्यावरून मूळ जाळ्यावर पैसे आणायला सात दिवस लागतात, असे भाच्याने बजावले होते. कारणही पटण्यासारखे होते. कुणी लबाडी केली असेल तर ती पकडायला तेवढी मुदत ठेवलेली असते. आमच्याकडेही बाहेरगावचा चेक वटायला पंधरा दिवस लागत. माझी तक्रार सात दिवसांबद्दल नाहीच.

आठव्या दिवशी चक्र फिरतच होते. नवव्या दिवशी फिरत होते. बाराव्या दिवशी ऑपरेशन. मी मुकाट्याने मुदतठेव मोडली, व्याजाचे नुकसान गिळले आणि हिला म्हणालो, "सर्व्हर डाउन आहे." लग्नाला शेहेचाळीस वर्षे झालेल्या बाईला हे वाक्य पटत नसते, पण ती ऑपरेशनच्या आधी भांडली नाही, एवढे खरे. एकोणिसाव्या दिवशी भाचा फोनवर भेटला.

"मामा, क्लेमचं बटण दाबलंत ना?"

"कुठलं बटण?"

"अहो, सात दिवसांनी परत जाऊन ते दाबायचं असतं. त्याची वेगळी फी असते. दुसऱ्या पानावर आहे ते."

म्हणजे पैसे आठव्या दिवसापासून तयार होते! ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांची. एकाच एस्टी स्टँडच्या दोन दारांशी दोन पाहुणे उभे राहून एकमेकांना शिव्या घालतात, तसे. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला आणि घर बंद असले, तर तोसुद्धा दारात चिठ्ठी टाकून जातो. हे एवढे जगड्व्याळ जाळे, हजारो संगणक, आणि 'तुमचे पैसे आले आहेत, घेऊन जा' अशी चार शब्दांची चिठ्ठी टाकायला त्यांच्याकडे कुणी नाही.

खरा घाम याच्यापुढे फुटायचा होता. पैसे रुपयांत करायला ते माझ्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवायचे होते. पत्ता बेचाळीस अक्षरांचा. तो पाठ कोण करणार? मी इतिहासातून जुनी नोंद काढली आणि तोच पत्ता उचलायला बोट पुढे केले. शेजारी ही बसली होती, नव्या भिंगाची नवलाई अजून ओसरली नव्हती.

"अहो, हा पत्ता मध्ये टिंबांचा का आहे?"

"जागा वाचवायला. पुढची चार अक्षरं आणि मागची चार अक्षरं जुळली की झालं."

"टिंबांत काय आहे?"

"टिंबांत काय असणार?"

"दूधवाल्याच्या हिशेबात मी टिंबं चालवून घेत नाही. उघडा."

उघडले. पुढची चार माझीच, मागची चार माझीच, मधली चौतीस अक्षरे भलत्याच कुणाची! ती नोंद मी केलेलीच नव्हती. शून्य रकमेचा खोटा व्यवहार करून कुणीतरी आपला पत्ता माझ्या इतिहासात पेरून ठेवला होता. असे सारख्या तोंडाचे पत्ते संगणकाने शेकड्यांनी बनवतात आणि लोकांच्या याद्यांत सोडतात. मे २०२४ मध्ये एकाने असाच यादीतला पत्ता उचलला आणि सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर चोराच्या हवाली केले. पुढे वाटाघाटी होऊन त्याला त्यातले बहुतेक परत मिळाले. माझ्याशी वाटाघाटी करायला कुठला चोर वेळ काढणार?

म्हणून म्हणतो, हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न नाही. चोराने कुलूप फोडले नव्हते. ॲपने घातलेल्या टिंबांत तो आरामात बसला होता. पासबुकात परका माणूस येऊन ओळ लिहून जातो आणि बँक ती माझ्या नोंदींच्या बरोबरीने छापते, असे कुठे ऐकलेत?

भाच्याशी यावर माझी तीन भांडणे झाली. प्रत्येक वेळी त्याने एकेक मुद्दा काढला.

पहिला मुद्दा. "मामा, सगळं पारदर्शक आहे. खतावणीवर जाऊन कुणीही बघू शकतं." बघू शकते, वाचू शकते का? सातबाराचा उतारासुद्धा सगळ्यांना खुला असतो. पण त्यावर खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक लिहिलेले असते. जमिनीचे माप नुसत्या सहासष्ट अक्षरांत दिले असते, तर महाराष्ट्रातल्या भाऊबंदकीला कोर्टे पुरली नसती.

दुसरा. "मधला माणूसच नाही, तर सांगणार कोण?" अरे, आहे की! हा पडदा मधला माणूस नाही तर कोण? ते चक्र कुणीतरी बसून काढले. ती टिंबे कुणीतरी विचार करून घातली. काही ॲप या मधल्या कामाची वेगळी फीसुद्धा घेतात. विश्वास ठेवायची गरज उरली नाही, असे म्हणत यांनी विश्वास बँकेच्या काउंटरवरून उचलला आणि पडद्यावर ठेवला. ठेवला तर ठेवला, त्याच्याबरोबर काउंटरवरची जबाबदारीही उचला.

तिसरा. "अजून हे नवीन आहे." २०१५ चा जन्म म्हणजे नवीन? यूपीआय २०१६ चे, म्हणजे वर्षाने धाकटे. खात्यातून पैसे गेले, समोरच्याला पोचले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले नाहीत, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये केला. त्याआधी २०१७ मध्ये तिने बँकांना बजावले होते, की पासबुकात न कळणाऱ्या नोंदी करू नका, व्यवहाराचा तपशील द्या. ते परिपत्रक वाचले तेव्हा मला अण्णांची फार आठवण झाली. विकेंद्रित कारभाराला रिझर्व्ह बँक नाही हे मला मान्य आहे. पण दंड करणारा नसला म्हणजे हिशेब नीट लिहूच नये, असे कुठे आहे? हिने पन्नास वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिले, कुठल्या नियमाने? 'आज दूध नाही, म्हैस आजारी' असे तीत कारणासकट लिहिलेले असते.

आणि होत नाही असेही नाही. काही ॲप आता सही घेण्याआधी 'यातून तुमचे इतके जातील, इतके येतील' असे दाखवू लागली आहेत. संशयित शून्य नोंदी लपवणारीही आहेत. ज्याअर्थी काहींना जमते त्याअर्थी बाकीच्यांना जमत नाही असे नाही, त्यांना करायचे नाही.

माझे मागणे लांबलचक नाही. जे बटणावर लिहिता तेच नोंदीत लिहा. व्यवहार कुठल्या पायरीवर आहे, का थांबला आणि मी काय करायचे, ते सांगा. फसला तर कारण आणि गेलेली फी दाखवा. दोन जाळ्यांवरचा एक व्यवहार एकाच ओळीत ठेवा, आणि पुढचे बटण दाबायची वेळ झाली की हाक मारा. दिलेल्या परवानग्या वर टांगा. आणि पत्ता पूर्ण दाखवा. त्याला मला माझे नाव देऊ द्या आणि मी न लिहिलेली ओळ माझ्या ओळींत मिसळू नका. यात कुठली गणिती प्रमेये सोडवायची नाहीत. ती अवघड कामे यांनी केव्हाच केली आहेत. राहिले आहे ते कारकुनाचे काम, आणि ते यांना हलके वाटते.

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायची वेळ आली तेव्हा आमच्या सीएने विचारले, "काका, कधी घेतलं, कितीला घेतलं, कधी विकलं?" या नाण्यांच्या नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे, आणि एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी ती विक्रीच. मी त्याला ॲपची यादी दाखवली. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. घरी येऊन मी माळ्यावरचे एक कोरे पासबुक शोधले, निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून आणलेले. दोन रात्री बसून, सहासष्ट अक्षरांची शेपटे एकेक तपासून, सत्तावीस नोंदी पाच रकान्यांत उतरवल्या. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. ताळा जुळला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

भाच्याला व्हिडिओ कॉलवर ते दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, याचा फोटो पाठवा ना. आमच्या कंपनीतल्या डिझाइनच्या लोकांना दाखवतो."

"पाठवतो," मी म्हणालो. "पण आधी तुझ्या मोबाइलवर तुझ्या स्वतःच्या खात्यातली शेवटची नोंद काढ."

त्याने काढली.

"अंगठा तूच दिलास ना? आता काय लिहिलंय ते वाच."

पडद्यावर भाचा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, थांबा, विचारून सांगतो."

मी अजून थांबलो आहे. पेंडिंग.